नाण्यावरचा परका चेहरा

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

कल्याण म्हटलं की आज आपल्याला आठवतं ते जंक्शन. पण मंडळी, दोन हजार वर्षांपूर्वीही कल्याण हे जंक्शनच होतं. फरक एवढाच, की तेव्हा इथे गाड्या बदलत नसत, तर गलबतांवरचा माल बैलांच्या पाठीवर चढत असे. उल्हास नदीच्या खाडीतून तो माल वर येई, कल्याणच्या बंदरात उतरे, मुरबाडकडून नाणेघाट चढून जुन्नर गाठी आणि तिथून पैठणला जाई. या घाटाच्या नावातच नाणं आहे. माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं तिथले लोक सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि त्यात यज्ञाच्या दक्षिणेचे कार्षापण हजारांनी मोजलेले आहेत. म्हणजे कल्याणच्या या वाटेला पैशाची चांगलीच ओळख होती.

आज मला बोलायचं आहे ते या पैशावरच्या चित्रांबद्दल. नाण्यावर कोणाचा चेहरा असतो, तो तिथे कसा येतो, आणि आपण त्याला आपला कधी मानायला लागतो, याबद्दल.

पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने आपल्या समुद्राचं वर्णन लिहून ठेवलं. 'पेरिप्लस' या नावाने ते ओळखलं जातं. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, आणि भडोच तर फार तपशिलाने आहे. कल्याणबद्दल तो एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. थोरल्या सातकर्णीच्या काळी हे रीतसर व्यापारी बंदर होतं. पुढे ते दुसऱ्याच्या ताब्यात गेलं आणि बंदराची कोंडी झाली. ग्रीक जहाज चुकून इथे आलंच, तर पहारा बसवून त्याला भडोचला नेत. भडोच तेव्हा क्षत्रपांचं, म्हणजे मूळच्या शकांचं. पैठण सातवाहनांचं. कोकणपट्टी आणि नाशिक-जुन्नरचे घाट कोणाचे, यावर दोघांची झुंज चालली होती. ती जशी तलवारीची होती, तशीच जकातीचीही होती. कारण या जहाजांतून चांदी येत होती, आणि महाराष्ट्रात चांदीची खाण नाही.

ही चांदी नाण्यांच्या रूपाने येई. त्या रोमन नाण्याचं नाव दिनारिअस. सम्राट ऑगस्टसच्या काळात त्याचं वजन साधारण ३.९ ग्रॅम होतं आणि चांदी जवळजवळ शुद्ध. भारतात सापडलेल्या चांदीच्या रोमन नाण्यांत दोन छाप सर्वांत जास्त आढळतात. एकावर ऑगस्टसचा चेहरा आणि मागे ढाली-भाले घेऊन उभे असलेले दोन तरुण, त्याचे नातू गायस आणि ल्युशियस. त्याने त्यांना दत्तक घेतलं होतं. माझ्यानंतर गादी यांची, असं हे नाणं साम्राज्यभर सांगत फिरत होतं. दुसऱ्या छापावर सम्राट टायबेरियसचा चेहरा, आणि मागे आसनावर बसलेली एक स्त्री. तिच्या एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात डहाळी. ही शांतिदेवी, आणि तिच्या रूपात टायबेरियसची आई लिव्हिया, असं अभ्यासक सांगतात. सीझरला कर द्यावा की नाही, या प्रश्नाच्या वेळी येशू ख्रिस्ताने मागून पाहिलेलं नाणं हेच, असं परंपरेने मानलं जातं.

आता विचार करा. वृत्तपत्र नाही, छापखाना नाही, अशा काळात सम्राटाला आपला चेहरा आणि आपला निरोप खेडोपाडी पोहोचवायचा, तर नाण्याएवढं सोयीचं साधन नव्हतं. पण आपल्या किनाऱ्यावरच्या सावकाराला त्या निरोपाचं काय? गायस आणि ल्युशियस कोण, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. ल्युशियस इ. स. २ मध्ये वारला, गायस इ. स. ४ मध्ये. गादी दोघांनाही मिळाली नाही. पण त्यांची नाणी भारतात येतच राहिली. वारस गेले, आणि त्यांच्या वारशाची जाहिरात इथल्या तराजूत तोलली जात राहिली.

तराजूत, हे महत्त्वाचं. प्लिनी या रोमन लेखकाने श्रीलंकेच्या राजाची एक गोष्ट नोंदवली आहे. तिथे पोहोचलेल्या एका रोमन माणसाजवळची नाणी राजाने पाहिली. त्यांवरचे चेहरे वेगवेगळे, म्हणजे ती वेगवेगळ्या राज्यकर्त्यांनी पाडलेली. पण वजन सगळ्यांचं सारखं. राजाला रोमनांचं कौतुक वाटलं ते या सारखेपणाचं. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यात बाजाराचं शहाणपण आहे. पेरिप्लसकर्ताही सांगतो, की भडोचला सोन्या-चांदीचे दिनारिअस नेले तर स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होतो. पुढे इ. स. ६४ मध्ये सम्राट नीरोने नाण्याचं वजन घटवलं आणि चांदीतही काटछाट केली. भारतातल्या ठेव्यांत मात्र भरणा आहे तो ऑगस्टस-टायबेरियसच्या जुन्या, भारदस्त नाण्यांचा. आपल्या व्यापाऱ्यांना चेहरे वाचता येत नसतील, पण चांदी अचूक वाचता येत होती. 'खणखणीत नाणं' हा आपला शब्दप्रयोग उगीच आलेला नाही. नाणं आपण डोळ्यांनी बघतो, पण पारखतो ते कानांनी.

एक कोडं मात्र उरतं. तमिळनाडू आणि आंध्रमध्ये रोमन चांदीची नाणी ठेवेच्या ठेवे सापडली. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात, जिथे सोपारा आणि कल्याणसारखी बंदरं होती, तिथे ती फार थोडी मिळतात. मग ती गेली कुठे? अनेक अभ्यासकांचं उत्तर असं, की इथे ती वितळवली गेली आणि त्या चांदीची नवी नाणी पाडली गेली. त्या नव्या नाण्यांचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याला एका खेड्यात मिळाला.

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड ठेवा सापडला. सुमारे १३,२५० नाणी. आताच्या रुपयापेक्षा लहान, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास करून त्यावर लिहिलं. ही नाणी क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाची होती. भडोचपासून नाशिक-जुन्नरपर्यंत ज्याचा अंमल होता आणि ज्याच्यामुळे कल्याणची कोंडी झाली असं मानतात, तोच हा नहपान.

या नाण्याच्या एका बाजूला राजाचा चेहरा आहे, उजवीकडे वळलेला, रोमन नाण्यावर असतो तसाच. गंमत म्हणजे हा चेहरा दर नाण्यावर सारखा नाही. कुठे तरुण, कुठे म्हातारा. नाक कुठे सरळ, कुठे बाकदार. एकाच राजाचे इतके चेहरे कसे? ठसे कोरणाऱ्या कारागिरांसमोर नमुना म्हणून रोमन नाणी असावीत, हे त्यावरचं एक उत्तर. मागच्या बाजूला बाण आणि वज्र. आणि दोन्ही बाजूंना मिळून राजाचं नाव तीन लिप्यांत: ग्रीक, खरोष्ठी आणि ब्राह्मी. ग्रीक अक्षरं बघून वाटतं, भाषाही ग्रीक असेल. पण वाचायला जावं तर आत प्राकृत! 'राजा क्षहरात नहपान याचं' एवढाच मजकूर, आपल्याकडच्या बोलीत, ग्रीक अक्षरांत.

चांदी रोमची असावी, चेहऱ्याची घडण रोमन, अक्षरं ग्रीक, राजा शक आणि भाषा प्राकृत. असं हे नाणं नाशिकच्या बाजारात चालत होतं. आणि नुसतं किरकोळ चालत नव्हतं. नहपानाचा जावई उषवदात याचे लेख पांडवलेण्यात आहेत. त्याने ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले आणि त्यांच्या व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि इतर खर्च भागावा अशी व्यवस्था केली. ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, हा हिशेबही तिथे दगडात कोरला आहे. याच माणसाने डहाणूच्या नदीवर लोकांना नावेने फुकट पार होता यावं अशी सोय केली, सोपाऱ्यात दानं दिली. परक्या म्हणवणाऱ्या घराण्याने आपल्या किनाऱ्यावर काय केलं, याची ही नोंद आहे.

याआधी आपल्याकडच्या नाण्यांवर चेहरा नव्हता. जुन्या आहत नाण्यांवर, म्हणजे चांदीच्या तुकड्यावर ठसे ठोकून केलेल्या नाण्यांवर, सूर्य, टेकडी, झाड, प्राणी अशी चिन्हं असत. सातवाहनांची शिसं-तांब्याची नाणीही चिन्हांचीच होती. राजाचं तोंड नाण्यावर असावं, ही कल्पनाच आपल्या भागात बाहेरून आली.

आणि मग झालं युद्ध. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. त्याची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेखात त्याचं वर्णन आहे: शक, यवन, पह्लव यांचा नाश करणारा, क्षहरातांच्या वंशाचा मागमूसही न ठेवणारा. शब्द मोठे करडे आहेत.

पण नाणी काय सांगतात? जोगळटेंभीच्या ठेव्यातल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला आहे. एका बाजूला कमानींची टेकडी, तिच्याखाली नदीसारखी नागमोडी रेघ आणि भोवती स्वतःचं नाव. दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडलेलं उज्जैन चिन्ह. नाणी वितळवली नाहीत. शत्रूच्या चेहऱ्यावर टेकडी ठोकली आणि तीच नाणी पुन्हा बाजारात सोडली. नीट पाहिलं तर अनेक नाण्यांवर टेकडीच्या कडेला नहपानाचं नाक दिसतं, कुठे केस दिसतात, कुठे अर्धं ग्रीक अक्षर डोकावतं. वंश शिल्लक ठेवला नाही असं दगडावर लिहिलं गेलं, आणि त्या वंशाचा चेहरा गौतमीपुत्राच्याच नावाखाली लोकांच्या कनवटीला राहिला.

पुढचा भाग तर अधिक बोलका आहे. गौतमीपुत्रानंतरच्या सातवाहन राजांनी चांदीची जी नाणी पाडली, ती क्षत्रपांच्याच मापाची, आणि त्यांवर राजाचा चेहरा! वासिष्ठीपुत्र पुळुमावी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी, यज्ञ सातकर्णी, सगळ्यांचे चेहरे आपल्याला माहीत आहेत ते या नाण्यांमुळे. यज्ञ सातकर्णीचं असं एक चांदीचं नाणं १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळालं. सोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. या नाण्यांच्या मागच्या बाजूला टेकडी आणि उज्जैन चिन्ह शेजारी शेजारी आहेत. मजकूर मात्र दोन बोलींत आहे. एका बाजूला 'सिरि सातकणि', तर दुसऱ्या बाजूला 'हिरु हातकणि'. ही दुसरी बोली द्राविडी भाषांच्या जवळची आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. परक्याचा चेहरा घेतला आणि त्याच्याभोवती आपल्या प्रजेच्या दोन बोली लिहिल्या.

तिकडे क्षत्रपांनी काय केलं? नहपानानंतर आलेल्या चष्टनाने आपल्या नाण्यावर टेकडी घेतली, वर चंद्रकोर आणि सूर्य. तीच सातवाहनांची टेकडी. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं ती क्षत्रपांच्या नाण्यांची खूण होऊन राहिली. म्हणजे सातवाहनांनी शकांचा चेहरा घेतला आणि शकांनी सातवाहनांची टेकडी घेतली. रणांगणावर जे एकमेकांना मिटवायला निघाले होते, ते टांकसाळीत एकमेकांचं उचलत होते. आणि नुसतं टांकसाळीतच का? ठाण्याच्या डोंगराला लागूनच कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या पाण्याच्या एका टाक्यावरच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही महाक्षत्रपाची मुलगी असल्याचं कोरलेलं आहे. शकांची लेक सातवाहनांच्या घरात सून म्हणून नांदत होती.

मला हे सगळं आज का सांगावंसं वाटतं? मी मराठीत कविता लिहितो. आयुष्यात अनेकदा मला कौतुकाने विचारलं गेलं आहे, 'तुम्ही मुसलमान असून इतकं छान मराठी कसं लिहिता?' विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. खोट असते ती तराजूत. घरची भाषा ही कमावलेली भाषा धरून तोलायची, ही त्या तराजूची सवय. अशा वेळी मला नहपानाचं ते नाणं आठवतं. अक्षरं ग्रीक म्हणून ज्याने ते बाजूला ठेवलं, त्याला आतली प्राकृत कधी ऐकूच आली नाही.

आमच्याकडे निकाहनाम्यात मेहरची रक्कम लिहिताना एक शब्दप्रयोग येतो: 'सिक्का राइज-उल-वक्त'. म्हणजे त्या त्या वेळी जे नाणं चालतं आहे ते. मला हा शब्द फार आवडतो. ते नाणं कुठून आलं, कोणी पाडलं, हे त्यात विचारलेलं नाही. आज इथे ते चालतं का, एवढाच प्रश्न. पेरिप्लसकर्त्याने नोंदवलं आहे, की अपोलोडोटस आणि मिनँडर या जुन्या ग्रीक राजांची नाणी त्याच्या काळातही भडोचच्या बाजारात चालत होती. त्या राजांची राज्यं कधीच बुडाली होती, पण लोकांनी नाणं चालू ठेवलं होतं. राज्याचा शिक्का राजा मारतो, पण त्याला चलन लोक करतात. भाषेचंही असंच असतं.

आपल्या भाषेतच बघा ना. ग्रीकांच्या 'द्राख्मा'चा संस्कृतात 'द्रम्म' झाला. ठाण्याहून राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या लेखांत हा द्रम्म भेटतो. तिकडे अरबीत त्याचा 'दिरहम' झाला. इकडे द्रम्म झिजत झिजत 'दाम' झाला, आणि 'दाम करी काम' म्हणताना आपण ग्रीक शब्द उच्चारतो आहोत, हे कोणाच्या मनातही येत नाही. रोमन दिनारिअसचा 'दीनार' झाला. गुप्तांच्या लेखांत तो आहे आणि अरबांच्या बाजारातही आहे. सातव्या शतकाच्या शेवटी उमय्या खलिफा अब्दुल मलिकने नाण्यांवरची माणसांची चित्रं काढून टाकली आणि फक्त अक्षरं ठेवली. चेहरा गेला, पण दीनार आणि दिरहम ही नावं राहिली. कधी चेहरा राहतो आणि नाव बदलतं, कधी नाव राहतं आणि चेहरा जातो.

आपल्या किनाऱ्यावर तो चेहरा पुष्कळ दिवस राहिला. क्षत्रपांवरून तो गुप्तांच्या चांदीच्या नाण्यांवर गेला. ग्रीक अक्षरं तोवर अर्थ हरवून नुसती नक्षी झाली होती. नाशिक आणि उत्तर कोकणच्या त्रैकूटकांनी तो घेतला. सहाव्या शतकात कलचुरी राजा कृष्णराजाने घेतला आणि मागे नंदी बसवला. कृष्णराजाची ही छोटी नाणी नाशिकला, मुंबई-साष्टीत, पार विदर्भातही मिळाली आहेत. आठव्या शतकातल्या अंजनेरीच्या ताम्रपटात त्यांचं नाव येतं 'कृष्णराजरूपक'. राजा जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली होती, तरी लोक त्याच्याच नावाचं नाणं मोजत होते.

रूपक! नाण्याला केवढं सुंदर नाव. ज्यावर रूप उमटलं आहे ते रूपक. याच कुळातून आपला रुपया आला. हे नाव आपल्या नाण्याला पक्कं चिकटवलं ते सोळाव्या शतकात शेरशाह सूरी या अफगाण राजाने, आणि त्याच्या काही रुपयांवर नागरी अक्षरांतही त्याचं नाव आहे. आम्ही कवी मंडळी रूपक म्हणतो ते एका गोष्टीला दुसरीचं रूप देण्याला. मुख म्हणजे चंद्र, संसार म्हणजे सागर. विचार केला तर नाणंही तेच करतं. चांदीच्या तुकड्याला ते भाताचं रूप देतं, मिठाचं देतं, भिक्षूच्या वस्त्राचं देतं. त्यावरचा चेहरा टायबेरियसचा, नहपानाचा की सातकर्णीचा, याने भात कमीजास्त होत नाही. कमीजास्त होतो तो चांदीत हलकी धातू मिसळली तर. कस बघायचा तो तिथे.

दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणात हा कस बघणारी माणसं होती. त्यांतल्या एकाचं नाव आपल्याला ठाऊक आहे. सामिदत, म्हणजे स्वामिदत्त, कल्याणचा सोनार. त्याचा चेहरा कुठल्याही नाण्यावर नाही. कान्हेरीच्या डोंगरात त्याने पाण्याची एक पोढी, म्हणजे टाकं, दान दिलं आणि तसं खडकावर कोरून ठेवलं. कल्याणसारख्या बंदरातल्या सोनाराच्या तराजूतून कितीतरी राजांची तोंडं गेली असतील, काही मुशीत वितळलीही असतील. त्या कमाईतून त्याने डोंगर चढून येणाऱ्यासाठी पाणी ठेवलं. येणारा कुठला, त्याची बोली कोणती, याची अट त्या लेखात नाही.